सहावा तुकडा

तुम्ही दार उघडं ठेवलंय म्हणून जगाला सांगितलंत आणि उंबरा मात्र छातीएवढा बांधलात. खोटं बोललात. 'सर्व संबंधितांना हरकत घेण्याची पूर्ण संधी देण्यात आली' असं तुमच्या कागदावर छापलंय. खाली गोल शिक्का आहे, शिक्क्यावर वळणदार सही आहे. ती संधी केवढी होती ते मात्र कागदावर नाही. ती दहा एमबीची होती. आंदर मावळातल्या एका वाडीचं पाणी त्या दहा एमबीत मावलं नाही, म्हणून तुम्ही ते दुसऱ्याच्या कुंपणात घालून मोकळे झालात. कसं झालं ते आता ऐका. मध्ये बोलू नका. आजवर तुम्हीच बोललात.

वाडीचं नाव खैरदांड. एकोणीस घरांची ठाकरवाडी. टाकव्यावरून जीप जिथवर जाते तिथवर जायचं, पुढं तासभर अंगावरचा चढ. खाली भातखाचरं, मध्ये घरं, आणि घरांच्या वर दांड, म्हणजे डोंगराची लांब धार. दांडावर हिरड्याची झाडं, गुरांचं चरण आणि कातळाच्या बेचक्यातून बारा महिने पाझरणारा एक झरा. वैशाखात खालच्या गावांना टँकर येतो, तेव्हाही खैरदांडच्या बाया वर जाऊन हंडे भरून आणतात. झऱ्याचा सातबारा नाही. झरा कुणाच्या नावावर आहे हे वाडीनं कधी विचारलं नव्हतं, कारण वारा कुणाच्या नावावर आहे हेही कुणी विचारत नाही.

मग खालच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. दांडावर पर्यटनाचा प्रकल्प होणार. सगळ्या दांडाला कुंपण पडणार. ज्यांची हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत, पुराव्यासह, फक्त ई-मेलनं कळवावी. समक्ष किंवा टपालानं आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही. फळा वाडीपासून नऊ किलोमीटरवर. नोटीस वाडीच्या कानावर आली तेव्हा पंधरातले दहा दिवस उडून गेले होते. उरले सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी पाच वाजता दार बंद.

वाडीत ई-मेल हा शब्द तोंडात बसणारी एकच बाई होती, रंजना. नवसू आबांची सून. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. ती लोणावळ्याला एका बंगल्यात कामाला होती. शनिवार-रविवारी पाहुणे उतरायचे, त्यांच्यामागं चादरी बदलायच्या, बाथरूम घासायची, पोहायच्या हौदातली पानं जाळीनं काढायची. आठवडाभर तिथंच मागच्या खोलीत राहायचं आणि सोमवार-मंगळवार घरी. तिचा नवरा दत्ता देहूरोडला लष्कराच्या डेपोत कंत्राटी हमाल. डेपोत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळं दिवसभर तो असून नसल्यासारखा. थोडक्यात काय, हे सगळं रंजनाच्या गळ्यात आलं.

सोमवारी दुपारी माणसं आबांच्या पडवीत जमली. रंजनानं नोटिशीचा फोटो वाचून दाखवला.

"पुरावा मंजी?" आबांची थोरली बहीण सावित्राबाई म्हणाली. वय पंच्याहत्तरच्या पुढं आणि जीभ कोयत्यासारखी.

"मंजी आत्या, ती जागा आपण वापरतो याची खूण."

"मग माझ्या डोस्क्यावरचा खळगा धाड त्यास्नी. साठ वर्सं हंडा ठिवलाय त्याच्यावर. बोट घालून बघा म्हनावं."

माणसं हसली. नवसू आबा हसले नाहीत. म्हणाले, "आपल्याकडं कागुद न्हाई. आपल्याकडं हद्द हाय."

ही हद्द म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दरसाल पेरणीच्या आधी खैरदांडचा सगळ्यांत जाणता माणूस, हल्ली नवसू आबा, वाडीची हद्द फिरतो. देवाच्या दगडापासून निघायचं आणि तिथंच परत यायचं. वाटेत थांबायचं नाही, बसायचं नाही. प्रत्येक खुणेपाशी पोचलं की तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं. अशा त्रेपन्न खुणा. एका दगडाला मेलेल्या म्हशीचं नाव आहे, एका उंबराला सासरवाडीहून पळून गेलेल्या जावयाचं. नाव घ्यायचं ते तिथं पोचून, पायावर उभं राहून. घरी बसून नाही. आबांचा आजा म्हणायचा, बसून हद्द सांगणारा हद्द विकतो. याला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडू नका. आबांच्या आज्याच्या वडलांनी खालच्या गावात एका शेटच्या ओट्यावर बसून, गूळपाणी घेऊन, भोळेपणानं खुणांची नावं सांगितली होती. शेटच्या माणसानं ती लिहून घेतली. पुढं कचेरीत त्याच नावांच्या खुणा नकाशावर अर्धा डोंगर वर सरकलेल्या निघाल्या, आणि वाडीची खालची खाचरं शेटची झाली. त्या दिवसापासून हा नेम. ती त्रेपन्न नावं म्हणूनच इथंही लिहिलेली नाहीत. ही गोष्ट तुम्ही बसून वाचताय.

"आबा, तुमी फिरा. मी मागनं चालत फिल्म काढते," रंजना म्हणाली. "नाव बी ऐकू येईल आन जागा बी दिसंल. यापरीस मोठा पुरावा कंचा?"

आबांना हे पटलं. फिल्म म्हणजे चालतच सांगणं झालं.

मोबाइलमध्ये जागा नव्हती. सोमवारी संध्याकाळी रंजनानं एकेक करून सगळे फोटो पुसले. दिराचं लग्न, आईचं शेवटचं दुखणं, लेक पहिल्यांदा शाळेत निघाली तो दिवस. आईच्या फोटोवर बोट थोडा वेळ थांबलं. मग तोही पुसला.

मंगळवारी उन्हं चढायच्या आत आबा निघाले. मागं रंजना, हातात मोबाइल. आबा सत्तर ओलांडलेले, गुडघा धरतो, पण थांबले नाहीत. खुणेपाशी आले की काठी टेकायचे, नाव घ्यायचे आणि लगेच पुढं. झऱ्याच्या बाजूला, दोन टेकाडांच्या मधल्या खिंडीत, वारा असा की वाळलं गवत जमिनीवर लोळण घेत होतं. तिथं आबांनी आवाज चढवला. सव्वा तासात एक मिनिट कमी असताना ते देवाच्या दगडापाशी परत आले, तेव्हा रंजनाचा हात खांद्यापासून बधिर झाला होता. मध्ये एकदाही तिनं फिल्म थांबवली नव्हती.

बुधवारी सकाळी लोणावळ्याला कामावर जाताना ती कान्ह्याला राजेंद्रच्या दुकानात उतरली. स्टेशनाजवळ त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. राजेंद्र शेतकऱ्याच्या घरचा, मनानं बरा, तोंडानं फटकळ. एका वेळी तीन गिऱ्हाइकं आणि दोन फोन सांभाळणारा.

"ताई, साडेचार जीबी," तो स्क्रीनकडं बघत म्हणाला. "मेलमध्ये पंचवीस एमबीच्या वर काही चढत नाही. ही तर उंदराच्या बिळात रेडा घालायची गत झाली."

"मग?"

"लिंक करतो. फिल्म वर ढगात ठेवायची आणि त्यांना फक्त पत्ता पाठवायचा. ते तिथं जाऊन बघतील."

रंजनाला स्वतःच्या मेलचा पासवर्ड आठवेना, म्हणून मेल दुकानाच्या मेलवरून गेली. फिल्म चढायला बारा वाजले. राजेश्वरी मॅडम, म्हणजे बंगल्याची देखरेख करणारी बाई, तीनदा फोन करून बोलली. पण मेल गेली.

गुरुवारी रंजनानं नोटिशीवरच्या नंबरावर फोन लावला. पंधराव्या वेळेला उचलला.

"मॅडम, लिंक आली आहे, पण बाहेरची लिंक उघडायला आम्हाला परवानगी नाही. सिक्युरिटी आहे. फाइल मेललाच जोडलेली पाहिजे."

"फाइल मोठीय, साहेब. पेनड्राइव्ह आणून देऊ का?"

"पेनड्राइव्हला बंदी आहे. व्हायरस येतो."

"मग तुमीच या की बघायला. दांड काय पळून जात नाही."

"साइट व्हिजिट हरकत ग्राह्य धरल्यावर होते, मॅडम."

"आणि ग्राह्य कधी धरता?"

"पुरावा मिळाल्यावर."

"तुमच्या मेलला किती मोठी फाइल चालते तेवढं तरी सांगा."

"ते आयटीवाल्यांना माहीत," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता. कंटाळलेला होता. रंजनाला वाटलं, वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

ती हौदाच्या कडेला जाळी धरून उभी राहिली. आदल्या शनिवारी इथंच एका पाहुण्यानं स्वतःच्या कुत्र्याची पोहतानाची फिल्म काढली होती आणि चहा यायच्या आत ती परदेशातल्या भावाला पोचलीसुद्धा होती. भावाचं उत्तरही आलं होतं. कुत्र्याचं ऐकायला सगळ्या जगाचे कान मोकळे. आबांच्या आवाजाला मात्र माप लागलं.

शुक्रवारी तिनं राजेश्वरी मॅडमकडं दुपारची सुट्टी मागितली.

"पाहुणे सहाला येतायत, रंजना."

"सहाच्या आत येते."

"नाही आलीस तर?"

"तर दुसरी बाई बघा," रंजना म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यानं चपापली.

दोनला ती कान्ह्यात होती. दुकानात दाखल्यांची गर्दी, निकाल लागलेल्या पोरांचे आईबाप दारापर्यंत. राजेंद्रनं त्यातून वाट काढून फिल्म दाबून दाबून चोवीस एमबीची केली. आबांचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं दिसायला लागलं. मेल गेली आणि दोन मिनिटांत माघारी आली. सोबत इंग्रजी पत्र.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, तुमचा संदेश आकारानं मोठा असल्यामुळं स्वीकारण्यात आला नाही. त्यांची हद्द दहा एमबीची आहे." राजेंद्रनं डोकं खाजवलं. "आणि दहाची पण खरी नाही. फाइल मेलमध्ये घातली की फुगती, ताई. वाल भिजत घातले की भांड्याच्या वर येतात ना, तसं. सातची घातली तर दहात बसंल."

"सातची करा मग."

"सव्वा तास सातमध्ये घातला तर नुसती खरखर उरंल. न आबा दिसतील, न ऐकू येतील." मग तो हळूच म्हणाला, "ताई, एवढा कुटाणा कशापायी? आबांना विचारा आणि त्रेपन्न नावं सांगा मला. मी टाइप करतो. चार केबी होतील. डोळ्याचं पातं लवायच्या आत जातंय."

रंजनानं वाडीत फोन लावला. रेंज एकाच खडकावर येते. कुणीतरी आबांना तिथवर आणेपर्यंत वीस मिनिटं गेली.

"बसून?" आबांनी विचारलं.

"व्हय. पर आबा, लिहून लगेच जातंय."

"न्हाई."

"मग तुकडं करून धाडू का फिल्मचं? नऊ तुकडं व्हतील."

आबा म्हणाले, "हद्द मधीच सोडत्यात का, पोरी? जितं सोडशील, तितनं आत येतील."

"बरं," रंजना म्हणाली आणि फोन ठेवला. साडेतीन वाजून गेले होते. राजेंद्र तिच्याकडं बघत होता.

"करा तुकडे," ती म्हणाली.

नऊ तुकडे झाले. प्रत्येकावर राजेंद्रनं नंबर घातला, नऊपैकी एक, नऊपैकी दोन, असे शेवटपर्यंत. एकामागून एक मेल सोडल्या. साडेचारच्या आत नववी गेली.

"हे बघा, गेलेल्यांत नऊच्या नऊ दिसतात," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड हातात घेतलं.

रंजनानं त्या नऊ ओळींचा फोटो काढला. पुसून रिकाम्या केलेल्या मोबाइलमधला तो पहिला फोटो. लोणावळ्याला पोचल्यावर तिनं वाडीत निरोप धाडला, "गेलं." तुकडे केल्याचं सांगितलं नाही. पाहुणे आले, तिनं चादरी घातल्या. तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. शिकल्याचा काही उपयोग झाला म्हणायचा. आबांचा नेम आबांपाशी, पण जगाच्या दारातून आत जायचं तर अंग चोरावंच लागतं, असं तिनं मनाला समजावलं.

बारा दिवसांनी दांडावर सिमेंटचे खांब आले.

सोमवारी ती वाडीत आली तेव्हा बाया कपाळाला हात लावून बसलेल्या नव्हत्या. त्या बुचकळ्यात होत्या. कुंपण आलं होतं, पण वाडीची हद्द सोडून आलं होतं. हिरडे बाहेर राहिले, गुरांचं चरण बाहेर राहिलं. कुंपण आबांच्या पावलांच्या कडेकडेनं, जणू त्यांच्यामागून चालत गेलं होतं. फक्त एका ठिकाणी, खिंडीपाशी, ते जिभेसारखं आत घुसलं होतं आणि जिभेच्या टोकाला झरा होता.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर निर्णयाचा कागद होता. रंजनानं तो उभ्यानं वाचला. 'हरकतदारांनी सादर केलेल्या व्हिडिओंच्या अनुषंगाने आखणीत सुधारणा करण्यात आली आहे. तथापि व्हिडिओ क्रमांक ५ च्या अखेरपासून व्हिडिओ क्रमांक ७ च्या आरंभापर्यंतच्या भागाबाबत हरकत प्राप्त नाही. सबब सदर भागास हरकतदारांची हरकत नाही असे गृहीत धरण्यात येत आहे.'

म्हणजे कुणीतरी बघितलं होतं. आठही तुकडे कुणीतरी शेवटपर्यंत बघितले होते, आबांचा आवाज ऐकला होता, नकाशावर रेघ ओढली होती. त्या माणसाला पाच कळत होते आणि सात कळत होते. पाचच्या पुढं सात कसे आले, हे विचारायला त्यानं समोरचा एक फोन उचलायचा होता. त्यानं पेन्सिल उचलली.

घरी आबा पडवीत होते. रंजना समोर बसली. सावित्राबाई चुलीपाशी होती, तिनं फुंकणी खाली ठेवली.

"तोडलं व्हतं का गं?" आबांनी विचारलं.

"व्हय, आबा. नऊ तुकडं केलं."

"मला न्हाई म्हन्ली."

"भ्याले."

सावित्राबाई म्हणाली, "बोल की रं तिला चार शबुद. तोंडात काय मिठाचा खडा धरलाय?"

पण आबा गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "तितं मी लय हळू चाललो. वाऱ्यानं पाय ठरत नव्हता. बिगीबिगी चाललो असतो, तर बसलं असतं का त्यांच्या पेटीत?"

आबांनी शिव्या दिल्या असत्या तर रंजनानं त्या खाल्ल्या असत्या. हा म्हातारा स्वतःची चाल तपासत बसला होता. ज्यांनी दाराला माप लावलं ते कुठंतरी पंख्याखाली बसून दुसरी फाइल उघडत असतील, आणि हा विचारतोय, माझं काही चुकलं का.

मंगळवारी सकाळी ती कान्ह्याला उतरली. दुकान नुकतं उघडत होतं.

"त्या शुक्रवारच्या आलेल्या मेली काढा. चारच्या पुढच्या."

राजेंद्र खाली खाली सरकत गेला. शाळांच्या, बँकांच्या, परीक्षांच्या शेकडो मेली. त्यात दडलेलं ते इंग्रजी पत्र सापडलं, न उघडलेलं. वेळ चार वाजून तेरा मिनिटं. संदेश आकारानं मोठा असल्यामुळं स्वीकारण्यात आला नाही. खाली मेलचं नाव, 'नऊपैकी सहा'.

राजेंद्रचा चेहरा उतरला. "ताई, मी गेलेल्यांतच बघितलं. माघारी आलेलं बघायला पाहिजे होतं. चूक माझी."

"पन सगळे तुकडे सारखेच केले व्हते ना?"

"मिनिटं सारखी, वजन सारखं नाही." त्यानं सहावा तुकडा लावला. मळकट चौकटीत गवत लोळत होतं, पाणी चमकत होतं आणि मधोमध आबांचा ठिपका. "चित्रात जेवढी हालचाल, तेवढी फाइल जड. दगड असला तर हलका. इथं वारा आहे, पाणी आहे. सगळंच हलतंय. जरासाच जास्त भरला, पाव एमबीभर."

पाव एमबी. रंजनानं तो तुकडा आवाज वाढवून पुन्हा लावायला सांगितलं. वाऱ्याच्या वर आबांचा ओरडलेला आवाज येत होता. एकेक नाव, सात नावं. ती सगळीच्या सगळी ऐकली आणि मग फोन लावला.

"मॅडम, रिजेक्ट झालेली मेल म्हणजे न आलेलीच मेल," तोच कंटाळलेला आवाज म्हणाला.

"माघारी कुणी पाठवली ती?"

"कुणी नाही. सर्व्हर पाठवतो."

"सर्व्हर कुणाचा?"

"आमचाच."

"मग तुमच्या दारापर्यंत आली म्हणूनच माघारी गेली ना, साहेब? न आलेल्या माणसाला कोण हाकलतं?"

पलीकडचा आवाज जरा खाली आला. "हे बघा मॅडम, मी तुम्हाला मदत म्हणून सांगतो. त्या भागातल्या खुणांची नावं टाइप करून पाठवा. दोन ओळी. साहेबांपुढं ठेवतो. लहान मेल करा, काही अडचण येणार नाही."

तिनं फोन ठेवला आणि दुकानाच्या बाकावर टेकली. सात नावं. दोन ओळी. आत्ताच कानांत होती. आबांना कळायचंही कारण नव्हतं, आणि एकदा खोटं बोललेल्या बाईला दुसऱ्यांदा बोलायला काय लागतं. कदाचित त्या दोन ओळींनी खांब हललेही असते. संध्याकाळी बाया हंडे घेऊन निघणार होत्या, त्यांच्या डोळ्यांपुढं झरा असणार होता आणि मध्ये तारा. हे सगळं तिनं तोलून बघितलं. भावनेच्या भरात काही केलं नाही.

पण ती नावं कागदावर गेली की कोण कुठं चिकटवणार, हे कोण बघणार होतं? फिल्ममध्ये नाव आणि जागा एका दावणीला बांधलेली होती. सुट्टं नाव नकाशावर वीतभर इकडं, वीतभर तिकडं, जो पेन्सिल धरेल त्याच्या मर्जीचं. एकदा सोयीचं म्हणून तिनं हद्द कापली होती. कापली तिथूनच माणसं आत आली. म्हाताऱ्याचं बोलणं तिला तेव्हा जुनाट वाटलं होतं, आणि निघालं ते सगळ्या दुकानात सगळ्यांत व्यवहारी.

"राजेंद्रभाऊ, जरा उठा," ती म्हणाली. "मी लिहिते."

तो उठला. गिऱ्हाइकांना म्हणाला, "थांबा पाच मिनटं." पाचाची वीस झाली, पण कुणी कुरकुरलं नाही. ती एकेक अक्षर शोधून दाबत होती. सोबत तिनं एकच गोष्ट जोडली, माघारी आलेलं ते इंग्रजी पत्र. सगळं मिळून सहा केबी भरलं. मजकूर असा:

'साहेब, सोबत तुमच्याच मशीनचं पत्र जोडलंय. त्यावर तारीख आहे आणि वेळ आहे, चार वाजून तेरा मिनिटं. मुदत पाचची होती. आमची हरकत मुदतीत तुमच्या दारात आली होती, हे आम्ही म्हणत नाही, तुमचं मशीन म्हणतंय. माघारी पाठवल्याचं पत्र हीच आम्ही पोच धरतो. ती मेल मोठी होती कारण तिथं वारा होता आणि पाणी होतं. पाणी आहे म्हणूनच हरकत आहे. पाचनंतर सात आला, तेव्हा सहा कुठं गेला हे तुमच्यातल्या कुणी विचारलं नाही. नावं टाइप करून मिळणार नाहीत. ऐकायची असतील तर दांडावर या, आमचे आबा चालून सांगतील. ते हळू चालतात, तेवढा वेळ काढून या. तोवर पुढचा खांब रोवू नका.

एवढी मेल तुमच्या पेटीत मावेल. आता माघारी पाठवायला कारण नाही. ह्या पाण्याला कुंपण घालायला आमच्या वाडीची हरकत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्या माणसाचं नाव लेखी कळवा.'